करणाऱ्यानं बसायचं नाही

भिंतीत दार फोडून आठ दिवस झाले तरी आत्या लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं घेऊन रस्त्यावरूनच वळसा घालत होती. थोरल्या भावाच्या कारखान्यातून बाहेर पडायचं, चार पायऱ्या उतरायच्या, बारा पावलं चालायची, पुन्हा चार पायऱ्या चढायच्या, की आला धाकट्यांचा कारखाना. दिवसातून दोनदा, एक्केचाळीस वर्षं. मध्ये दार झाल्याची बातमी तिच्या पायांपर्यंत अजून पोचलीच नव्हती.

"आत्या, अगं दार काय हवा खायला पाडलंय का आम्ही?" धाकट्यांची लेक रोज ओरडायची. हिची जीभ अशी धारदार, की घरात सगळे तिला पटाशीच म्हणत, आणि हातातही बहुतेक वेळ पटाशीच असे. दाराची कल्पना तिची आणि थोरल्यांच्या मुलाची. तो कमी बोलणारा, जागचा न हलणारा, म्हणून ओंडका. या दोन चुलत भावंडांनी म्हाताऱ्यांना न विचारता वाचनालयाच्या साठ खुर्च्यांचं काम घेऊन टाकलं होतं. साठ एकसारख्या खुर्च्या, दोन महिन्यांत. एकट्या कुठल्याच कारखान्याला हे झेपणारं नव्हतं, म्हणून भिंत फोडणं भाग पडलं. पाय आणि बैठक थोरल्यांकडे, पाठ आणि हात धाकट्यांकडे. सरस दोन्हीकडे आत्याचाच.

आज रविवार. नमुन्याची पहिली खुर्ची तयार झाली होती, आणि त्या निमित्तानं सगळ्यांनी एकत्र जेवायचं ठरलं होतं. आता कुणी कुणाकडे जायचं यावर तीन दिवस घोळ चालला. शेवटी पटाशीनं कामाचं लांबलचक टेबल दारातून आरपार सरकवलं, निम्मं इकडे, निम्मं तिकडे. थोरले आपल्या टोकाला आपल्या हद्दीत, धाकटे आपल्या टोकाला आपल्या हद्दीत. बाकीची माणसं जागा मिळेल तिथे. आत्या बरोबर मधोमध, भिंतीच्या जाडीत, एका कोपराला इकडच्या विटा आणि दुसऱ्याला तिकडच्या.

दोन्ही भावांवर तिचा जीव. भिंत जावी म्हणून तिनं किती वर्षं वाट बघितली होती. पण जोवर हे दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, तोवर ती सुरक्षित होती, हेही तितकंच खरं. बोलायला लागले की आज ना उद्या त्या खुर्चीचा विषय निघणार. ती खुर्ची का मोडली हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस या क्षणी भिंतीत बसून भात चिवडत होतं.

सुदैवानं मास्तर बोलत होता. मास्तर म्हणजे पटाशीचा नवरा. शाळेत शिकवायचा, खिळा ठोकायला दिला तर बोट ठोकून घ्यायचा, पण विषय कुठलाही काढा, मागे हटायचा नाही. सकाळच्या पेपरात कुठल्याशा लढाईचा फोटो होता, तेवढं त्याला पुरलं.

"माणसं भांडतात याचं मूळ टोळीत आहे," मास्तर सांगत होता. "आपला तो चांगला, नदीपलीकडचा तो वाईट. लाखो वर्षांची सवय आहे ती."

"माणूस मुळात वाईट नसतो," थोरले आपल्या टोकावरून म्हणाले. "कुणीतरी कान भरतं, मग बिघडतो."

"मास्तर, त्यांना सांगा," धाकटे दुसऱ्या टोकावरून म्हणाले, "काही माणसं जन्मतःच तशी असतात. कान बिन कुणाला भरावे लागत नाहीत."

"मास्तर, तुमच्या सासऱ्यांना सांगा, की तान्ह्या मुलाच्या मनात काही पाप नसतं."

"तान्हं मूल शेजारच्या तान्ह्याचं खेळणं ओढतं की नाही, विचारा त्यांना!"

दोघं अजून थेट बोलत नव्हते. सगळी ये-जा मास्तरच्या डोक्यावरून चालली होती आणि बिचारा मान इकडून तिकडे फिरवत होता.

"मला कुणी विचारत नाही म्हणून सांगते," वहिनी पातेलं घेऊन आल्या. थोरल्यांची बायको, घरात सर्वांत जाड आणि सर्वांत शहाणी. "भुकेली माणसं भांडतात. पोट भरलं की झोपतात. भाऊजी, ताट पुढे करा."

धाकट्यांनी ताट पुढे केलं. एक्केचाळीस वर्षांत वहिनीच्या हातचं त्यांच्या ताटात पडलं नव्हतं. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हापासून ते बहुतेक करून स्वतःच्याच हातचं करपलेलं खात. पहिला घास घेतला आणि ते मान खाली घालून बराच वेळ चावत राहिले. आत्याला वाटलं, होईल. सगळं नीट होईल. मी गप्प बसले तरी होईल.

जेवणं होत आली तेव्हा ढब्बी स्वतः केलेलं स्टूल घेऊन आली. ढब्बी म्हणजे पटाशीची सहा वर्षांची मुलगी, गालफुगी, लाडकी. वीतभर उंचीचं, चार पायांचं स्टूल तिनं टेबलावर ठेवलं आणि सगळे उठून भोवती जमले. ओंडक्यानं ते उलटं करून बघितलं. मास्तरनं डोळे पुसले. आणि मग थोरले, जे आपल्या हद्दीतून हलणार नव्हते, ते चष्मा चढवून दारातून थेट पलीकडे गेले.

"पाय बघा कसे गुळगुळीत केलेत! हात आहे हो पोरीला." जरा थांबून ते म्हणाले, "आजोबावर गेलीये."

धाकट्यांचे कान लाल झाले. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

फक्त आत्याचं लक्ष मुंगीकडे होतं. मुंगी म्हणजे ओंडक्याची आठ वर्षांची मुलगी, काटकुळी, एका जागी न ठरणारी. तिची आई हॉस्पिटलात ड्युटीवर होती, त्यामुळे आज तिच्याकडे बघायला तसं कुणी नव्हतं. त्या स्टुलाचे दोन पाय मुंगीनं घासले होते. तीन दिवस जिन्यात बसून, पॉलिशपेपर बोटाला गुंडाळून. आत्यानं येता-जाता बघितलं होतं. आता मुंगी माणसांच्या मागे उभी राहून टाचा उंचावत होती आणि ढब्बी सांगायचं विसरली होती. आत्याच्या मनात आलं, आपण सांगावं. पण तेवढ्यात कुणीतरी सुपारी मागितली आणि ते राहून गेलं.

सगळे हात धुवायला पांगले. दोन मिनिटंही झाली नसतील. खाडखाड आवाज आला, मग ढब्बीचा भोंगा.

स्टुलाचे चारही पाय चार दिशांना पडले होते. मुंगी लाकडी हातोडा घेऊन उभी होती. तिनं तो लपवलासुद्धा नव्हता.

"मी मोडलं," ती म्हणाली.

"का?" ओंडक्यानं विचारलं.

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"हात गेला," मुंगी म्हणाली.

इथवर हे एका मुलीचं आणि एका स्टुलाचं प्रकरण होतं. पटाशीनं ढब्बीला कडेवर घेतलं असतं, ओंडक्यानं मुंगीला दटावलं असतं, संपलं असतं. पण धाकटे म्हणाले, "शेवटी रक्त आहे ते. त्या बाजूचं."

थोरले वळले. "काय म्हणालास?"

एक्केचाळीस वर्षांत मोठा भाऊ धाकट्याशी पहिल्यांदा थेट बोलला, ते हे.

"म्हणालो, चांगली वस्तू बघवत नाही तुमच्याकडे कुणाला. तेव्हाही बघवली नव्हती."

"तुझ्या घाईपायी बाबांचा हात गेला! सतरा वर्षांचं पोर, सांधा नीट वाळू द्यायची अक्कल नव्हती—"

"सांधा माझा पक्का होता! रात्री कारखान्यात एकटा कोण होता? पाचर कुणी ढिली केली?"

"मी? मी ढिली केली?"

"दादा, तूच!"

वहिनींनी इतक्या मायेनं वाढलेलं ताट उचलून आपल्या बाजूला घेतलं. "भाऊजी, हे तुम्ही माझ्या नवऱ्याला माझ्यासमोर म्हणताय."

"काकू, पण मोडलं तुमच्याच नातीनं ना?" पटाशी म्हणाली.

"मुलीवर जाऊ नकोस," ओंडका म्हणाला. ओंडक्याचा आवाज चढलेला कुणी कधी ऐकला नव्हता. पटाशीनं डोळे वटारले. दोघांनी मिळून फोडलेल्या दाराच्या दोन बाजूंना दोघं उभी होती, आणि मास्तरच्या टोळ्या बघता बघता टेबलाच्या इकडे-तिकडे तयार झाल्या होत्या. मास्तर स्वतः मात्र दोन्हीकडे बघत मध्येच अडकला.

"ओंडक्या," थोरले म्हणाले. त्यांचा हात छातीवर गेला होता. "उद्या सकाळी विटा आण. दार बुजवून टाक."

"बुजवाच," धाकटे म्हणाले. "माझ्याकडून सिमेंट घ्या."

आत्या भिंतीच्या जाडीत उभी होती. विटा आल्या की संपलं. तिचं गुपित पुन्हा चिणलं जाणार, कायमचं, कारण आता या दोघांच्या हयातीत हे दार पुन्हा फुटायचं नव्हतं. तिनं काही करायची गरज नव्हती. नुसतं उभं राहायचं होतं, आणि तिला स्वतःची लाज वाटली, कारण एक क्षणभर तिला हायसं वाटलं होतं.

ती जाऊन मुंगीशेजारी जमिनीवर, भुशातच बसली.

"मलाही माहीत नव्हतं," ती म्हणाली. "माझाही हात गेला होता."

"काय मोडलं होतंस?" मुंगीनं हुंदका गिळत विचारलं.

"खुर्ची. तुझ्या धाकट्या आजोबांची पहिली खुर्ची."

कुणीतरी हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"मी एकोणीस वर्षांची होते," आत्या मुंगीलाच सांगत होती. दुसरीकडे बघितलं असतं तर तिला बोलता आलं नसतं. "तेव्हाही सरस माझ्याकडे. पाण्यात भांडं, खाली मंद आच, सतत गरम ठेवायचा. पण मला खुर्ची करायची होती. चोरून एक पाय केला मी, महिनाभर खपून. नेऊन बाकीच्या पायांत ठेवला. बाबांनी उचलला, फिरवून फिरवून बघितला, म्हणाले, वा, धाकट्या, हा तुझा पाय सर्वांत सुंदर उतरलाय. आणि हा नुसता हसला."

धाकटे भिंतीला टेकले.

"मी काही म्हणाले नाही. भांडं चुलीवरून उतरवलं. सरस गार होऊ दिला, थिजला तेव्हा वर गार पाणी ओतून ढवळला. दिसायला अगदी तसाच दिसतो, फक्त धरत नाही. तोच नेऊन याच्या हातात दिला. मला वाटलं, जरा डुगडुगेल, बाबा रागावतील, मग मी सांगेन पाय माझा होता. एवढंच. बाबा पडतील, मनगटाचा चुरा होईल, पुन्हा कधी रंधा धरता येणार नाही, हे माझ्या मनात नव्हतं गं. नऊ वर्षं या हातानं भरवलं त्यांना. रोज वाटायचं आज सांगू."

"ताई," धाकटे कसेबसे म्हणाले. "तू? तू कशी करशील असलं काही?"

आणि तिथे आत्या भडकली. ती अशी भडकलेली घरात कुणी पाहिली नव्हती.

"बघा! अजून तेच! एक्केचाळीस वर्षं एकमेकांवर आळ घेताय. पाचर झाली, सांधा झाला, लाकूड ओलं होतं हेसुद्धा म्हणून झालं. सरसाकडे एकानं बघितलं नाही! सरस कोण करत होतं? माझ्यावर नुसता संशय घ्यायचंसुद्धा तुमच्या मनात आलं नाही. मी होते की नाही त्या कारखान्यात?"

एवढं बोलून ती रडायलाच लागली. मुंगीनं आपला भुशाचा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला.

धाकटे वळले आणि आपल्या कारखान्याच्या आत, मागच्या अंधाऱ्या खोलीत निघून गेले. कडी काढल्याचा आवाज आला. आत्यानं डोळे मिटले. गेला. जाणारच होता.

थोरले हळूच नमुन्याच्या खुर्चीच्या दांडीला धरून उभे राहिले. या घरात एक रीत होती, बाबांच्याही आधीपासूनची. करणाऱ्यानं आपल्या खुर्चीवर पहिलं बसायचं नाही. घरातल्या दुसऱ्यानं बसायचं, मागच्या दोन पायांवर रेलायचं, आणि करणाऱ्यानं समोर हात मागे बांधून उभं राहायचं. त्याशिवाय खुर्ची दाराबाहेर जात नसे.

"त्याच्या खुर्चीवर मी बसायचं होतं," थोरले म्हणाले. "मी बसलोच नाही."

"अहो, काय बोलताय?" वहिनी म्हणाल्या. "बसलो म्हणून बाबांना तुम्हीच सांगितलंत. मी होते तिथे."

"खोटं सांगितलं. त्या रात्री खुर्चीसमोर कितीतरी वेळ उभा होतो. बाबा ज्याला त्याला सांगत फिरत होते, धाकट्याचा हात बघा, धाकट्याचा हात बघा. मी सात वर्षं आधीपासून खुर्च्या करत होतो. वाटलं, मोडली तर मोडू दे. रेललो असतो तर तेव्हाच कळलं असतं. बाबा पडले नसते." त्यांनी बहिणीकडे बघितलं. "पोरी, तू सरस गार केलास. मी ते पकडायला होतो. मी पकडलं नाही."

आतून धाकट्यांची पावलं परत आली. त्यांच्या हातात जुन्या पोत्याच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते आत्याच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतःही तिच्यासमोर भुशात बसले, अठ्ठावन्न वर्षांचे गुडघे कुरकुरवत.

फडक्यात खुर्चीचा एक पाय होता. काळपट पडलेला, वर बारीक, खाली जरासा बाकदार.

"मला माहीत होतं तुझा आहे ते," धाकटे म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. बाबांनी माझं नाव घेतलं तेव्हा तू समोर उभी होतीस. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. नाही बोललो. छान वाटत होतं ना ते ऐकून." त्यांनी नाक ओढलं. "बाकीची खुर्ची बाबांनी जाळायला सांगितली. हा मी काढून घेतला. बघ. तडासुद्धा नाही. खुर्ची मोडली ताई, हा नाही मोडला."

आत्यानं पायावरून बोट फिरवलं. खाली एका जागी पॉलिशपेपर नीट लागला नव्हता, तो खरखरीतपणा अजून होता. तेव्हाही तिला तो टोचला होता.

वहिनींनी तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. "म्हणजे खुर्ची एकच होती, आणि ती तुम्ही तिघांनी मिळून मोडलीत. आणि प्रत्येकाला वाटतंय आपण एकटेच." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच आवाज चढवला. "आणि त्या भिंतीची धूळ मी पुसतेय जन्मभर! माझा काय गुन्हा होता हो?"

पहिला मास्तर हसला, ते चुकून. मग ओंडका. मग धाकटे हसायला लागले आणि हसता हसता त्यांचं रडणं कधी झालं ते कुणाला कळलं नाही. थोरल्यांनी वाकून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. ते डोकं आता पूर्ण पांढरं झालं होतं, आणि शेवटचा हात ठेवला तेव्हा ते काळं होतं.

"सॉरी," मुंगी ढब्बीला म्हणाली. "पण दोन पाय मी घासले होते."

"हो, हिनंच घासले," ढब्बी लगेच म्हणाली. तिला नुसती आठवण करून द्यायचा अवकाश होता.

आत्यानं चुलीवरचं सरसाचं भांडं उतरवून मुंगीच्या पुढ्यात ठेवलं, ब्रश हातात दिला. "लाव पाय. गार व्हायच्या आत."

"हिच्या हातात?" पटाशीच्या तोंडून निघून गेलं.

"हिच्याच," आत्या म्हणाली, आणि मुद्दाम मुंगीकडे पाठ करून उभी राहिली. मागे ब्रशचा चपचप आवाज येत राहिला आणि दोन्ही पोरी कुठला पाय कुठला यावरून हळू आवाजात वाद घालत राहिल्या.

उन्हं कलून टेबलावर आली तेव्हा थोरल्यांना आठवलं. "अरे, खुर्ची राहिलीच."

नमुन्याची खुर्ची दारात आणून ठेवली. आत्या सवयीनं पुढे झाली. भिंत उभी राहिल्यापासून दोन्ही कारखान्यांतल्या प्रत्येक खुर्चीवर पहिलं तीच बसत आली होती. दोघंही भाऊ तिलाच हाक मारायचे. तिनं कुठे काय केलेलं असायचं? तिनं साडी सावरली, खुर्चीच्या हाताला धरलं आणि बसायला वाकली.

"पोरी, ऊठ," थोरले म्हणाले.

ती अर्धवट वाकलेलीच राहिली.

"सरस कुणाचा आहे?" धाकट्यांनी विचारलं.

"माझा."

"मग? करणाऱ्यानं बसायचं नाही."

आत्या सरळ झाली. दोघं भाऊ खुर्चीसमोर उभे होते, आणि दोघांनीही एकेक पाऊल बाजूला सरकून मध्ये एका माणसाची जागा केली होती. ती तिथे जाऊन उभी राहिली.

"मग बसायचं कुणी? मी?" वहिनी म्हणाल्या. "माझ्या वजनाला टिकली तर हत्तीलाही टिकेल, मोडली तर मग मला बोल लावू नका." त्या खुर्चीत बसल्या. पुढचे दोन पाय जमिनीवरून उचलले गेले. त्या मागे रेलल्या, आणखी मागे, डोळे घट्ट मिटून.

आत्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना बघितलं होतं तसे हात पाठीमागे बांधले. मुठीत तो जुना पाय होता. दोन्हीकडून भावांचे दंड तिच्या दंडांना लागले होते, आणि तिघांनीही श्वास रोखला होता.

"धरलंय," डोळे न उघडताच वहिनी म्हणाल्या.